दोनदा ठोकलेला एल

रविवार, १६ ऑक्टोबर २०२२, सकाळचे साडेनऊ. ठिकाण : हंसाबेनची मागची गॅलरी, अमरोली, सुरत. हजर : मी, खालच्या मजल्यावरच्या हंसाबेन, त्यांच्याकडून धागे कापायला साड्या घरी नेणारी कोसाडची मंगल, मंगलची नात परी, वय सात महिने, झोपलेली. गैरहजर : माझा नवरा अनंत (भाजी आणायला), हंसाबेनचे यजमान भरतभाई (हिऱ्याच्या कारखान्यात, दिवाळीआधी त्यांना रविवार नसतो). परातीत : चांदीचे अकरा रुपये, मंगलचे.

लोक डायरीत मनातलं लिहितात, मी हजेरी लिहिते. सुरतजवळच्या सचिन गावातल्या एका कापड कारखान्यात पंचवीस वर्षं तपासणी विभागात काम करते आहे, त्याचा हा परिणाम असावा. मनातलं आपोआप आठवतं. कोण कुठे बसलं होतं आणि परातीत नेमकं किती होतं, हे मात्र लिहून ठेवावं लागतं.

आणि खरोखर आठवतं. परवा दिवाळीच्या साफसफाईत स्वयंपाकघरातला वरची फळी आवरायला काढली, चिंचेची बरणी उघडली, आणि त्या आंबट वासाबरोबर ती गॅलरी, ती परात, ओल्या चांदीवरचं ऊन, सगळं एका दमात समोर उभं राहिलं. हातातलं फडकं तसंच राहिलं.

सुरतचा आश्विन हा घाईचा महिना. ऊन असं की पावसाळा संपला की उन्हाळाच सुरू झाला, असं वाटावं. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशीचा चंदी पडवा नुकताच होऊन गेलेला असतो. फ्रिजमध्ये घारीचा, म्हणजे इथल्या खव्या-तुपाच्या मिठाईचा, डबा असतो आणि त्यातली शेवटची अर्धी घारी कुणी खायची यावर घराघरांत सभ्य वाद चालू असतो. गल्ल्यांतून लूम दिवसभर खडखडत असतात, कारण दिवाळीला ते बंद होणार आणि त्याआधी सगळ्यांनाच माल हवा असतो. टेम्पोंवर साड्यांचे गठ्ठे, रिक्षांत साड्यांचे गठ्ठे, स्कूटरवर दोघांच्या मध्ये साड्यांचा गठ्ठा. बायकांच्या ओढण्यांना, पोरांच्या केसांना, चहाच्या कपालासुद्धा रंगीत धाग्यांचे तुकडे चिकटलेले. त्या दिवसांत आमच्या इमारतीत कोण कुठून आलं हे चिकटलेल्या धाग्याच्या रंगावरून सांगता यायचं.

आणि घराघरांतून चांदी बाहेर निघते. इथे धनतेरसला धन धुवायची रीत आहे. देवघरातली नाणी, लग्नात आलेले रुपये, आजेसासूने पदराच्या गाठीत जपलेला एखादा राणीछाप, सगळे परातीत बसतात. दूध, पाणी, कुंकू. आम्ही मराठी घरंही आता हे करतो. मी सुरतेला आले तेव्हा या रिवाजाचं मला कौतुक वाटलं होतं. नाण्यांचा नाद लागल्यावर मात्र त्याच रिवाजाने माझा दरवर्षी जीव टांगणीला लागतो. कारण धुणं म्हणजे नुसतं धुणं नसतं. आधी घासणं असतं. चिंच, राख, रांगोळी, टूथपेस्ट. जुन्या नाण्यावर काळाने चढवलेला तो मंद, करडा, कडेला निळसर झालेला रंग संग्राहकाला जिवापेक्षा प्रिय, आणि तोच रंग इथल्या बायकांच्या दृष्टीने मळ.

नाद लागला तो भरतभाईंमुळे. हिरे पारखायचं त्यांचं एक जुनं भिंग होतं, आयग्लास म्हणतात इथे त्याला. नवीन घेतल्यावर जुनं त्यांनी मला दिलं, कापडाचे धागे मोजायला उपयोगी पडेल म्हणून. धागे मोजायला माझ्याकडे कारखान्याचं भिंग होतंच. म्हणून मी हे डोळ्याला लावून घरातली प्रत्येक वस्तू पाहिली : मीठ, मुंगी, अनंतच्या मनगटावरचा तीळ, आणि शेवटी आईने दिलेला एक रुपया. त्या रुपयाच्या खालच्या फुलाखाली एक बारीकसा ठिपका होता. चौकातल्या रविवारच्या बाजारात जुनी नाणी मांडून बसणाऱ्या एका चाचांना दाखवला. ते म्हणाले, "बेन, ये बंबई की निशानी है." मुंबईच्या टांकसाळीचा ठिपका. कलकत्त्याचं असेल तर तिथे काहीच नाही. आणि लाहोरला काही वर्षं रुपये पडले, त्यांच्यावर त्याच जागी इंग्रजी एल. एवढं कळल्यावर मी घरी येऊन नवी वही सुरू केली.

ही खूण कशी यायची, ते मला फार आवडतं. नाणं पाडायचा पोलादी ठप्पा तयार झाला की कारागीर त्यावर ते अक्षर वेगळं, हाताने ठोकायचा. छोटा खिळ्यासारखा पंच, वर हातोडीचा घाव. घाव तिरका बसला किंवा उथळ बसला, तर पुन्हा ठोकायचा. मग पहिल्या अक्षराची किनार दुसऱ्याच्या मागून डोकावत राहते, आणि त्या ठप्प्यातून पडणारा प्रत्येक रुपया ती किनार घेऊन जगात जातो. असे दुहेरी खुणेचे रुपये शोधणं हा माझा नाद. वाचकांपैकी कुणाला याची लागण व्हायची असेल तर एक सूचना : पहिल्या वर्षी मी अशीच एक दुहेरी खूण शोधून काढली आणि विजयी चेहऱ्याने चाचांकडे गेले. त्यांनी एकदा पाहिलं आणि नाणं परत दिलं. "ठप्पा हिला है बेन, हाथ नहीं हिला." मशीन सैल असेल तर नाणं पडताना ठप्पा हलतो. मग नुसतं अक्षर नाही, शेजारचं फूल आणि सालसुद्धा दुहेरी दिसतं, आणि ती सावली चपटी असते, पायरीसारखी. खरी दुहेरी खूण एकटी असते. आजूबाजूचं सगळं स्वच्छ आणि फक्त ते अक्षर दोनदा. दोन्ही गोलसर, दोन्ही पूर्ण. उजेड एका बाजूने घ्यायचा, नाणं हळूहळू फिरवायचं. घाई करायची नाही.

कारखान्यात मी दिवसभर दुहेरी धागा शोधते आणि सापडला की लाल स्टिकर लावते, माल बाजूला. घरी येऊन दुहेरी अक्षर शोधते आणि सापडलं की नाचते. अनंत म्हणतो, "तू एकाच डोळ्याने दोन नोकऱ्या करतेस." लाहोरचा दुहेरी एल मात्र मला सात वर्षांत कधी सापडला नव्हता. ऐकून माहीत होता. वहीत त्याच्यासाठी अख्खं पान सोडलेलं होतं.

तर ती गॅलरी. मंगलने अकरा रुपये आणले होते ते वजन करायला. तिच्या सासूने मागे ठेवलेली ती एकुलती एक चांदी. धनतेरसला सोनाराकडे मोडायची आणि मंगलच्या लेकीला, परीच्या आईला, रेखाला, पैंजण आणि परीला वाळे घ्यायचे, असं ठरलेलं. सोनाराकडे जाण्याआधी आपल्याला आपलं वजन माहीत असावं, हे तिला मीच शिकवलं होतं. भरतभाई हिऱ्यांची थोडी दलालीही करतात, म्हणून त्यांच्या घरी इवलासा काटा आहे. तो कॅरटमध्ये बोलतो. एका वेळी एकच रुपया त्यावर मावायचा.

"अठ्ठावन्न," हंसाबेन वाचायच्या.

"अठ्ठावन्न काय?" मंगल घाबरून.

"कॅरट. पाचने भाग."

"अवं बेन, रुपया हाय का हिरा?"

वजन झालेला रुपया मंगल परातीत टाकायची आणि चिंचेच्या कोळाने खसाखसा घासायची. सात राणीछाप, तीन टक्कल पडलेल्या राजाचे. मी लिहून घेत होते आणि प्रत्येक घासणीसरशी मनातल्या मनात डोळे मिटत होते. अकरावा रुपया मुकुटवाल्या राजाचा निघाला. मागची बाजू वळवली. चव्वेचाळीस साल. आयग्लास लावला, गॅलरीच्या कठड्यावरून येणारं ऊन त्यावर तिरकं घेतलं.

फुलाखाली एल होता. त्याच्या मागे, जरा वर आणि जरा डावीकडे, आणखी एक एल. फूल एकेरी. साल एकेरी. किनारी गोल.

मंगलने हात पुढे केला. तिच्या बोटांना चिंच लागलेली होती.

"थांब!" मी एवढ्या जोरात म्हणाले की परी जागी झाली.

"काय झालं वं ताई?"

"हा नको घासू. याच्यात चांदी निम्मीच आहे, बाकी तांबं-बिंबं. आंबट लागलं तर खराब होईल."

हंसाबेनने माझ्याकडे पाहिलं. "सुनीताबेन, धन मेलुं न रखाय. एक रुपया मळका ठेवायचा?"

"हा एक ठेवायचा."

बोलले ते खोटं नव्हतं. युद्धाच्या काळातल्या त्या रुपयांत खरोखरच चांदी निम्मी असते. खोटं नव्हतं, आणि म्हणूनच ते मला दिवसभर टोचत राहिलं. मंगलने परीला खांद्यावर घेतलं, रुपये हळदीच्या जुन्या डब्यात भरले आणि कोसाडची रिक्षा पकडली. माझा एल डब्यात खुळखुळत गेला. शनिवारी धनतेरस. शनिवारी तो वितळणार.

पुढचे तीन दिवस मी कारखान्यात नक्की काय तपासलं ते देवाला माहीत. माझ्याजवळ एक जास्तीचा राणीछाप होता. तो द्यावा, हा घ्यावा. मी वहीत दोन रकाने आखले. अदलाबदलीच्या बाजूने : राणीछापात चांदी जास्त, म्हणजे वाळे जड होतील, तिला रुपया मोडायचाच आहे, माझ्याकडे तो जपला जाईल, तिच्याकडे मुशीत जाईल. विरुद्ध बाजूने एकच ओळ आली : तिला माहीत नाही. पहिला रकाना मी आणखी लांबवत नेला. दुसरा तेवढाच राहिला.

बुधवारी जेवताना अनंतला सांगितलं.

"मंगलला सांगितलंस?"

"सांगणार आहे."

"कधी? बदलून झाल्यावर?"

"वरण वाढू का अजून?"

"वाढ," तो म्हणाला. "आणि वही मिट."

गुरुवारी अर्धा दिवस रजा टाकून कोसाडला गेले. तिथल्या वसाहतीत सगळ्या इमारती सारख्या. मी मंगलचं घर ओळखते ते दारावर टांगलेल्या उसाच्या वाळलेल्या पानांच्या तोरणावरून. तिचा भाऊ चलथाणच्या साखर कारखान्याकडे ऊसतोडीला येतो, त्याची ती आठवण. आत साड्यांचा डोंगर, डोंगराच्या पायथ्याशी मंगल, हातात धागे कापायची छोटी कात्री. जांभळ्या साड्या होत्या त्या दिवशी. परी जांभळ्या कातरणात लोळून जांभळी झाली होती.

"ताई, तुमी? सुट्टी पडली का कारखान्याला?"

"नाही. मंगल, तो मुकुटवाला रुपया मला देशील? त्याच्या बदल्यात हा राणीछाप घे. याच्यात चांदी जास्त आहे."

वाक्य पाठ करून गेले होते, तसंच म्हटलं. मंगल उठली, डबा काढला, रुपया शोधला आणि माझ्यासमोर धरला. माझ्या राणीछापाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"घ्या की. तुमी म्हणताय म्हंजे बरोबरच असंल."

रुपया माझ्यापासून वीतभर लांब. सात वर्षं. हात काही पुढे जाईना. तिने "कामून?" असं एकदा जरी विचारलं असतं, तरी मी काहीतरी जुळवून सांगितलं असतं. तिने विचारलंच नाही. मी खाली बसले, पर्समधून आयग्लास काढला आणि म्हटलं, "आधी बघ."

"काळं काळं दिसतंय."

"तुझी पापणी आहे ती. भिंग डोळ्याला चिकटव. आता रुपया जवळ आण. डोळा नाही गं, रुपया."

ती दारातल्या उजेडात सरकली. बराच वेळ नुसतं तोंड वाकडं करत होती. मग एकदम थांबली.

"अगं बया! दोन पाय हायेत की याला. एक खाली, एक जरा वर."

मग मी सगळं सांगितलं. ठप्पा, पंच, हातोडी, लाहोर. असे रुपये फार कमी सापडतात, जाणकार शोधत फिरतात, मी स्वतः सात वर्षं शोधते आहे. आणि रविवारी मी हे बोलले नाही, हेही सांगितलं.

मंगलचं माझ्या कबुलीकडे लक्षच नव्हतं. "लाहोर म्हंजे पाकिस्तान?"

"आता. तेव्हा एकच होतं."

"आन् हातानं ठोकायचे?"

"हातानं."

"शिफ्ट सुटायला आली असंल बिचाऱ्याची." भिंग अजून डोळ्यालाच. "मुकादमानं बोंब मारली असंल, कुठं बघतोस म्हनून. मग यानं दुसरा नीट ठोकला. बघा ना, दुसरा किती सरळ हाय. परीच्या आजोबाचं लूमवर असंच. तार तुटली की मुकादम आभाळ डोक्यावर घेतो, हे आपले गाठ मारत्यात न् मशीन चालू करत्यात. कापडात ती गाठ कुणाला दिसती?"

"मला दिसते," मी म्हटलं. "लाल स्टिकर लावते."

"तुमी वैरीण हाय आमची!" आणि ती अशी खळखळून हसली की परीही हसायला लागली, काय झालं ते न कळता. मीही हसले. रविवारपासूनचं ओझं तिथेच, त्या कातरणात, कुठेतरी पडलं.

मग तिने रुपया पदराला पुसला. नुसता पुसला, घासला नाही.

"ताई, मग ह्यो नाई द्यायची मी."

"मला वाटलंच."

"तुमी सांगितलं नसतं तर दिला असता."

"माहीत आहे."

"चहा टाकू?"

परतताना अमरोलीच्या नाक्यावर रिक्षा अडकली होती. पुढच्या टेम्पोत साड्यांचे गठ्ठे ऊन खात पडले होते. पर्समध्ये माझा राणीछाप गेला तसा परत चालला होता, आणि मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. का ते आजही नीट सांगता येणार नाही. संग्राहक म्हणून मी त्या दिवशी हरले होते, यात शंका नाही. घरी अनंतने विचारलं, "काय आणलंस?" "काही नाही." "मग एवढी खूश?" फ्रिजमधली ती शेवटची अर्धी घारी मी काढली, आणि त्याला न विचारता खाल्ली.

शनिवारी, धनतेरसला, चारच्या सुमाराला जिन्यात पैंजण वाजले. रेखा पुढे, मंगल मागे, मंगलच्या कडेवर परी, पायांत वाळे. हंसाबेन पीठ लागलेल्या हातांनीच बाहेर आल्या. रेखाने पाऊल पुढे करून पैंजण दाखवले, आम्ही कौतुक केलं, आणि मग मंगल म्हणाली, "ताई, तुमचा रुपया बघा."

परीच्या गळ्यात काळा गोफ होता आणि गोफात तो रुपया. राजाच्या मुकुटावर बरोबर मधोमध कडी डाखलेली. आणि रुपया आरशासारखा लखलखत होता.

"सोनारानं आधी बाजूलाच सारला," मंगल सांगत होती. "बोलला, मावशी, यात निम्मं तांबं हाय, ह्यो नको. मी म्हटलं, तुला कोन देतंय? कडी लाव. तर भला मानूस, वरून मशीनवर पॉलिशबी मारून दिलं. फुकट!"

कडी. डाख. पॉलिश. नाण्याचं जे जे करू नये म्हणून मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे, ते सगळं एका दुपारी झालं होतं. बाजारातल्या चाचांनी पाहिलं असतं तर चटई गुंडाळून घरी गेले असते. हंसाबेन मात्र समाधानाने म्हणाल्या, "हवे बराबर. आता कसा धुतलेला दिसतो."

मी आयग्लास आणला. परीला कठड्याजवळच्या उजेडात धरलं. तिने लगेच माझा चष्मा ओढला. खाली, फुलाखाली, पॉलिशच्या चकाकीतसुद्धा ते दोघे होते : पहिला जरा वर, डावीकडे, चुकलेला, दुसरा सरळ. आणि त्या दोघांच्या मागे एका सात महिन्यांच्या छातीचा भाता भराभर वरखाली होत होता, त्यामुळे अक्षरं लहान-मोठी होत होती. मी एवढी हसले की भिंगावर वाफ धरली.

तेव्हापासून तीन वर्षं झाली. परी आता साडेतीन वर्षांची आहे. घरात मराठी, अंगणात गुजराती आणि रागावली की हिंदी बोलते. गोफ दोनदा बदलला, रुपया तोच. आश्विन आला की मंगल तिला घेऊन धनतेरसला येते, हंसाबेन तिच्यासाठी घारीचा तुकडा राखून ठेवतात, आणि मी दरवेळी तिला खुर्चीवर बसवते, कारण लाहोरच्या पानावर सगळं लिहून झालं आहे : साल, वजन (कडीसह), खुणेचं वर्णन, मालकीण. राहिला आहे तो फोटो. मोबाइलला लावायची लेन्स घेतली आहे, दिव्याची जागा ठरवली आहे. मागच्या वर्षी सव्वीस फोटो काढले. एकात हनुवटी आहे, एकात घारी, बाकीच्यांत नुसती चांदीची रेघ, कारण मी बटण दाबते आणि ही उडी मारते.

"तुझा नाही गं, रुपयाचा फोटो काढते आहे," मी म्हटलं होतं.

"का? मी चांगली नाही?" ती म्हणाली होती, आणि गोफ पाठीवर फिरवून पळाली होती.

यंदाच्या यादीत पुन्हा लिहून ठेवलं आहे : रुपयाची मागची बाजू, उजेड उजवीकडून, न हललेला फोटो एक. बाकी.